झडपेभोवतीची फट

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाची ताकद कमीजास्त करताना चालक थेट पेट्रोलाचे प्रमाण बदलत नसून आत जाणाऱ्या हवेचे प्रमाण बदलत असतो, ही गोष्ट रोज वाहन चालवणाऱ्यांपैकीही फार थोड्यांच्या ध्यानात आलेली असते. पेट्रोलाचे पूर्ण ज्वलन होण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे 14.7 पट हवा लागते, आणि धुरातील विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारा उत्प्रेरक परिवर्तक हे प्रमाण जवळजवळ तंतोतंत राखले गेले तरच नीट काम करतो. म्हणून आधी हवा मोजून आत सोडायची आणि मग तिच्या हिशेबाने इंधन द्यायचे, असा क्रम या इंजिनात पाळावा लागतो. हवा मोजून सोडणाऱ्या झडपेला थ्रॉटल म्हणतात. तिची रचना पाहिली तर ती कोणालाही पाच मिनिटांत समजेल इतकी साधी वाटते: एक गोल नळी, तिच्यात आडवा बसवलेला फिरता शाफ्ट आणि त्या शाफ्टवर स्क्रूने घट्ट केलेली पातळ चकती. चकती नळीला आडवी आली की वाट बंद होते आणि नळीच्या दिशेने वळली की मोकळी होते. या प्रकाराला फुलपाखरी झडप असे नाव आहे. ती अंतर्ज्वलन इंजिनाहून जुनी असून, जेम्स वॅटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा वेगनियंत्रक जोडला तेव्हा त्या नियंत्रकाच्या हुकमतीखाली वाफेच्या नळीतली थ्रॉटल झडपच होती.

इतकी साधी वस्तू दोन शतकांहून अधिक काळ अभियंत्यांना गुंतवून ठेवते, याचे कारण तिच्या भूमितीत आहे. चकती अगदी आडवी बंद होते असे धरले, तर ती 10 अंश फिरल्यावर नळीच्या क्षेत्रफळाचा जेमतेम दीड टक्का मोकळा होतो, 30 अंशांवर सुमारे 13 टक्के आणि 60 अंशांवर निम्मा; त्यापुढे उरलेल्या 30 अंशांत बाकीचा अर्धा भाग खुला होतो, आणि तोही पूर्ण नाही, कारण शाफ्टची जाडी वाटेत उभी राहतेच. म्हणजे सुरुवातीला झडप अतिशय सावकाश उघडते. हा दोष वाटला तरी तो फार मोठा गुण आहे, कारण इंजिनाला नाजूक नियंत्रण हवे असते ते नेमके सुरुवातीच्या या काही अंशांतच. तेवढ्यानेही भागत नाही म्हणून काही थ्रॉटलमध्ये चकतीच्या कडेसमोरची नळीची भिंत सरळ न ठेवता किंचित गोलाकार कोरतात, जेणेकरून पहिल्या अंशांत फट आणखी हळू वाढावी. तारेने ओढल्या जाणाऱ्या जुन्या थ्रॉटलमध्ये हेच काम तार ज्यावर गुंडाळली जाते त्या चाकाला अंडाकृती आकार देऊन साधले जाई.

खरी कसोटी मात्र बंद स्थितीची असते. गाडी सिग्नलला उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन मंद गतीने चालू आहे, अशा आयडलिंगच्या अवस्थेत दीड लिटरच्या इंजिनाला दर सेकंदाला दोन-अडीच ग्रॅम हवा पुरते. एवढी हवा जायला सुमारे 10 चौरस मिलिमीटरची वाट लागते. थ्रॉटलच्या नळीचा व्यास 50 मिलिमीटर असेल तर तिचे क्षेत्रफळ जवळपास 1960 चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे आयडलिंगची वाट पूर्ण वाटेच्या दोनशेव्या हिश्शाएवढीच झाली. आणि ती चकतीच्या सगळ्या परिघाभोवती सारखी वाटली तर फटीची रुंदी येते 0.06 मिलिमीटर, डोक्याच्या केसाच्या जाडीइतकी. चकती, शाफ्ट आणि नळी या तीन वेगवेगळ्या भागांच्या मापांतल्या चुका मिळून एवढ्या बारीक फटीत मावल्या पाहिजेत, आणि उन्हाळ्यातल्या तापल्या इंजिनापासून हिवाळ्यातल्या पहाटेपर्यंत मावत राहिल्या पाहिजेत. शिवाय चकती काटेकोर वर्तुळाकार करून अगदी आडवी बसवली तर ती नळीत पाचरीसारखी रुतून बसण्याचा धोका असतो. म्हणून तिला किंचित लंबवर्तुळाकार करतात, म्हणजे ती आडवी होण्याच्या पाच ते दहा अंश आधीच, तिरकी असतानाच, भिंतीला टेकते.

या फटीतून हवा कशी जाते हे पाहण्यासारखे आहे. आयडलिंगच्या वेळी पिस्टन हवा ओढत असतात आणि झडप ती अडवत असते, त्यामुळे झडपेपलीकडच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये, दाब 30 ते 40 किलोपास्कलपर्यंत उतरतो. बाहेरचा वातावरणीय दाब सुमारे 100 किलोपास्कल असतो. दोन्ही बाजूंच्या दाबांचे गुणोत्तर 0.53 च्या खाली गेले की फटीतली हवा ध्वनीच्या वेगाने वाहू लागते, आणि त्यानंतर पलीकडचा दाब कितीही घटला तरी आत जाणारी हवा वाढत नाही. हा निसर्गनियम अभियंत्याच्या पथ्यावर पडतो, कारण आयडलिंगला मॅनिफोल्डचा दाब खालीवर झाला तरी हवेचे माप फटीच्या आकारावरच ठरते. परंतु त्याची किंमतही मोजावी लागते: 27 अंश सेल्सिअसची हवा ध्वनिवेग गाठताना त्या अरुंद जागी क्षणभर सुमारे 50 अंशांनी थंड होते, आणि दमट हवा असेल तर चकतीच्या कडेवर बर्फ धरू शकतो. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात बाष्पीभवन होणारे पेट्रोल हा गारठा आणखी वाढवते. लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांत हा धोका इतका गंभीर ठरला, की वैमानिकासमोर कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी स्वतंत्र कळ ठेवावी लागली. अनेक मोटारींत इंजिन थंड ठेवणारे गरम पाणी थ्रॉटल बॉडीभोवती फिरवले जाते ते याच कारणाने.

फटीचा दुसरा शत्रू काजळी. क्रँककेसमधून परत आत घेतली जाणारी तेलाची वाफ चकतीच्या कडेवर चिकटते, तिच्यावर धूळ बसते आणि केसाएवढ्या फटीतली दोन-तीन शतांश मिलिमीटर जागा भरून गेली तरी इंजिन सिग्नलला थरथरू लागते किंवा बंद पडते. गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या असे सांगतात तो सल्ला रास्त आहे, पण काही कारखाने चकतीच्या कडेला पातळ मुलामा देतात आणि तो राठ ब्रशने खरवडला तर फट कायमची मोठी होते, हे घासणाऱ्या हाताला ठाऊक असले पाहिजे. सफाईनंतर इंजिनाच्या संगणकाला बंद स्थिती नव्याने शिकवावी लागते, कारण मळलेल्या झडपेला सरावलेला संगणक स्वच्छ झडपही तितकीच जास्त उघडत राहतो.

थ्रॉटलचा एक दोष मात्र कितीही बारीक कारागिरी केली तरी जात नाही: ती ताकद कमी करते ती वाट अडवून. मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्यापेक्षा 60 किलोपास्कलने कमी असेल तर 1.2 लिटरच्या इंजिनाला दर आवर्तनात 72 ज्यूल ऊर्जा केवळ हवा ओढण्यात घालवावी लागते, आणि मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या गतीला हा तोटा 1.2 किलोवॅटच्या आसपास पोचतो. शहरात हळू चालणाऱ्या मोटारीच्या गरजेपुढे ही रक्कम लहान नाही. बीएमडब्ल्यूने 2001 मध्ये व्हाल्व्हट्रॉनिक नावाची यंत्रणा आणली ती याच तोट्यावर उपाय म्हणून. तीत सिलिंडरच्या तोंडावरची झडप किती उचलायची हे बदलून हवेचे माप ठरवले जाते आणि थ्रॉटल बहुतेक वेळ उघडीच राहते. तरीही तिला काढून टाकलेले नाही, कारण नवी यंत्रणा बिघडली तर गाडी सांभाळायला तीच लागते.

डिझेल इंजिनात ताकद इंधनाच्या मापाने ठरते, म्हणून तिथे थ्रॉटल नसली तरी चालते असे पूर्वी शिकवले जाई. भारतात 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 सारख्या मानकांनी हे चित्र पालटले. आता डिझेल इंजिनातही हवेची वाट मुद्दाम आवळावी लागते, कधी जळका वायू पुन्हा आत खेचला जावा म्हणून, तर कधी हवा कमी करून धूर जास्त गरम करावा म्हणून. कारण काजळी अडवणाऱ्या गाळणीत साचलेली काजळी जाळून टाकायला सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि वर्दळीत रांगणाऱ्या गाडीचा धूर आपोआप तेवढा तापत नाही.

धुराच्या वाटेवरच्या झडपा ही त्यामानाने अधिक खडतर कामगिरी आहे, आणि तिचे सर्वांत ओळखीचे रूप म्हणजे मालमोटारींचा एक्झॉस्ट ब्रेक. 25 टनांचा ट्रक खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना 500 मीटर उंची गमावतो असे धरले, तर सुमारे 12 कोटी ज्यूल, म्हणजे 34 युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. त्यातली काही हवेच्या आणि टायरांच्या विरोधात खर्ची पडते, उरलेली सगळी चाकांच्या ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापून निकामी होतात. एक्झॉस्ट ब्रेकमध्ये इंधन बंद करून धुराच्या नळीतली चकती मिटवतात. मग प्रत्येक पिस्टनला सिलिंडरमधली हवा साचलेल्या दाबाविरुद्ध बाहेर ढकलावी लागते आणि इंजिन गाडीला मागे खेचणारा कॉम्प्रेसर बनते. हा रोध इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, म्हणून ज्या गियरमध्ये घाट चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरतो.

इथेही झडप पूर्ण बंद करून चालत नाही. साचलेला दाब 4 बारपर्यंत चढला तर 60 मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर सुमारे 1100 न्यूटन, म्हणजे 115 किलो वजनाएवढा रेटा पडतो. तो शाफ्टला वाकवू पाहतोच, शिवाय मागे सरकून दुसऱ्या सिलिंडरची एक्झॉस्ट झडप तिच्या स्प्रिंगविरुद्ध नको त्या वेळी उघडू पाहतो. ती झडप उघडून आपटत राहिली तर इंजिनाची हानी ठरलेली. म्हणून चकतीला मोजून एक भोक पाडतात किंवा कडेला फट राखतात. भोकाचा आकार सर्वाधिक फेऱ्यांच्या हिशेबाने ठरवावा लागतो, परिणामी कमी फेऱ्यांवर दाब पुरेसा साचत नाही आणि ब्रेक मवाळ होतो. ही अडचण दूर करण्यासाठी काही रचनांत ठराविक दाबाला आपोआप उघडणारी स्प्रिंगची झडप जोडतात.

कडेच्या फटीला आणखी एक कारण आहे, आणि एक्झॉस्ट झडपेची सारी रचना त्याभोवती फिरते: उष्णता. डिझेलचा धूर 700 अंशांपर्यंत आणि जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा 900 अंशांच्याही वर तापतो. 60 मिलिमीटरची ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टीलची, म्हणजे निकेल मिसळलेल्या आणि लोहचुंबकाला सहसा न चिकटणाऱ्या पोलादाची चकती 700 अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळपास 0.7 मिलिमीटरने वाढतो. बाहेरची नळी कमी प्रसरणाऱ्या फेरिटिक पोलादाची असेल तर तेवढ्याच तापमानवाढीला ती अर्धा मिलिमीटरच फुगते, आणि बाहेरून वारा लागत असल्याने प्रत्यक्षात ती तेवढी तापतही नाही. पातळ चकती दोन्ही बाजूंनी धुरात बुडालेली असल्याने आधी फुगते, नळी मागाहून. थंडपणी नेटकी बसणारी झडप अशा वेळी जागीच आवळली जाते. तेव्हा थंड असताना गळणारी झडप मुद्दाम बनवावी लागते, आणि किती गळू द्यायची हा प्रश्न थ्रॉटलच्या केसाएवढ्या फटीहून सोपा नसतो.

शाफ्ट ज्यात फिरतो त्या बेअरिंगला इतक्या उष्णतेत तेल घालता येत नाही, ते जळून जाते. म्हणून ग्राफाइटसारखी कोरडी वंगणे किंवा सिरॅमिकच्या बुशिंग वापरतात. शाफ्टच्या कडेने धूर बाहेर झिरपू नये यासाठी रिंगा लागतात, आणि तापून मऊ न पडणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूची स्प्रिंग लागते. झडप फिरवणारी मोटार नळीपासून दूर ठेवून मध्ये पत्र्याचे आवरण घालावे लागते. याखेरीज थंड इंजिनाच्या धुरातले पाणी आणि आम्ल शाफ्टवर गंज चढवतात, काजळी तो गंज घट्ट करते, आणि क्वचितच हलणारी झडप याच जोडगोळीमुळे अडकते. मोटारसायकलींत कमी आणि जास्त फेऱ्यांवर धुराच्या नळीतल्या दाबलहरी जुळवून घेण्यासाठी यामाहाने 1980 च्या दशकात एक्सअप नावाने वापरलेल्या झडपेत किंवा आवाज बदलण्यासाठी महागड्या मोटारींत बसवल्या जाणाऱ्या झडपांतही हीच चिंता असते. म्हणून अशा अनेक गाड्यांत किल्ली फिरवताच किंवा इंजिन बंद केल्यावर संगणक झडप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कडेवरची पुटे खरवडून काढतो, त्याच वेळी ती दोन्ही टोकांना पोचली की नाही हेही तपासतो, आणि न पोचल्यास चालकासमोरचा इशारादिवा लावतो.