बी.एस्सी. : उरलेली वाट की आखलेली वाट?

वैद्यकीय प्रवेशाची यादी लागली आणि आपले नाव त्यात नाही असे कळले, की उपनगरांतल्या कितीतरी घरांत एकच वाक्य ऐकू येते : 'मग बी.एस्सी. करून ठेव.' या 'करून ठेव'मध्येच सारा घोटाळा आहे. अंधेरीचे भवन्स, मुलुंडचे वझे, घाटकोपरचे झुनझुनवाला अशा महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत दरवर्षी जीवशास्त्राची हुशार मुले-मुली दाखल होतात. पुढे विद्यापीठ किंवा संशोधन संस्था गाठायची तर काय लागते, हा प्रश्न मात्र बहुतेकांना तिसऱ्या वर्षी पडतो. तोवर काही दारे बंद झालेली असतात.

अमेरिकेत बरेच विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षे कमी खर्चात शिकतात आणि मग विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जातात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जाईल, हे आधीच जाहीर असते. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून शेवटाकडून मागे हिशेब करतो. आपल्याकडे मधूनच विद्यापीठ बदलणे विरळा. खरी उडी पदवीनंतरची. हिशेब मात्र तसाच, मागून पुढे, मांडावा लागतो.

पहिली अडचण गणिताची. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतले, की ते कायमचे सुटले असे मुले समजतात. पवईच्या आयआयटीत जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षा द्यावी लागते. तिच्या जैवतंत्रज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत जीवशास्त्राबरोबर बारावीच्या पातळीचे रसायन, भौतिकशास्त्र आणि गणितही असते. पहिल्या वर्षापासून आठवड्याचे दोन-तीन तास दिले तर ही भीती मोडते; अखेरच्या दोन महिन्यांत नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. जॅम फेब्रुवारीत होते, पण अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरायचे असतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा डिसेंबरच्या सुमारास असते, बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी.कडे जाणारी ती वाट आहे. म्हणजे तिसऱ्या वर्षाची दिवाळी येण्याआधीच निर्णय झालेला हवा.

तिसरी गोष्ट हाताच्या अनुभवाची. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'नियस' उपक्रम सुरू केला. त्यात जीवशास्त्रही आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला थेट संशोधकाच्या प्रयोगशाळेत नेते. आणि बोरिवलीकरांच्या तर उंबरठ्यावर राष्ट्रीय उद्यान आहे! वर्षभर एका ओढ्याकाठची फुलपाखरे किंवा कोळी नोंदवून ठेवलेली वही मुलाखतीत गुणपत्रिकेइतकीच बोलते.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात भर घातली आहे. आता मुख्य विषयाबरोबर गौण विषय निवडायचा असतो. मैत्रिणीने घेतला म्हणून तो घेऊ नये. जीवशास्त्राला रसायन किंवा संख्याशास्त्राची जोड उपयोगी पडते. चौथे वर्ष केले तर पुढची एम.एस्सी. एका वर्षाची होऊ शकते. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील, तर २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही पात्र ठरता येते. परदेशातल्या ज्या विद्यापीठांना सोळा वर्षांचे शिक्षण लागते, तिथेही हे वर्ष कामी येते. मात्र ते वर्ष आपल्या महाविद्यालयात, आपल्या विषयात आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारावे.

कमल रणदिवे यांनी डॉक्टर व्हावे अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसनमधून १९३४ साली बी.एस्सी. केली, मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९४९ साली मिळवली आणि परळला कर्करोगाच्या संशोधनात आयुष्य वेचले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. बी.एस्सी. ही त्यांची पराभवाची खूण नव्हती.

म्हणून पालकांना एवढेच सांगणे : क्लासची फी भरण्याआधी मुलीला घेऊन तिच्या प्राध्यापकांना भेटा. एका कागदावर तीन रकाने आखा : कुठे जायचे, तिथे काय लागते आणि ते कोणत्या सत्रात करायचे. हा कागद पहिल्या वर्षीच्या गणपतीपूर्वी तयार झाला, तर तीन वर्षे सार्थकी लागतील.