खर्जाची तार कोणती लावावी?

पेडणे-डिचोलीतल्या कितीतरी घरांत आजोबांचा तंबोरा गवसणीत उभा असतो. माहेर बेळगावचं असलेली सून त्याला ‘तंबुरी’ म्हणते, तारेला ‘तंती’. नातवंडं दोन्ही म्हणतात. पण चौथी, खर्जाची तार तुटली की तो बहुधा कायमचा मुका होतो. मग कुणी सुचवतं, ‘गिटारची नायलॉनची तार लावा, निदान गंजणार नाही.’ गोव्याच्या दमट हवेत सल्ला पटतोही. पण तो मानू नये.

कारण साधं आहे. लांबी आणि ताण तोच असेल, तर तार जड तितका स्वर खाली. पितळ नायलॉनच्या सुमारे सातपट जड. म्हणून ०.६ मि.मी.च्या पितळी तारेचा खर्ज नायलॉनमधून काढायचा, तर ते दीड मि.मी.हून जाड हवं. अशी दोरी घोडीवर अलगद खेळत नाही. जवारी बोलत नाही, नुसता ‘धप्प’ आवाज येतो. नायलॉनवर तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर तिचे वेढे घोडीला घासतात.

युरोपातल्या ल्यूट या वाद्याला पूर्वी आतड्याच्या तारा असत. आता खर्जासाठी काही कृत्रिम तारांत धातूची भुकटी मिसळतात. म्हणजे तिथंही प्रश्न वजनाचाच!

तेव्हा पितळीच तार घ्यावी, आणि ती गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे. पुरुष काळी एकमध्ये गात असतील तर जाड, मुलगी काळी चारमध्ये गात असेल तर बारीक. उंच पट्टीला जाड तार ताणली की तबलीवर भार येतो. खालच्या पट्टीला बारीक तार सैल पडून स्वर डळमळतो. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हेही ध्यानात ठेवावं. तुटलेल्या तारेचा तुकडा टाकू नका. दुकानात तोच दाखवा आणि पट्टी सांगा. मिरज काही दूर नाही. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडानं पुसाव्यात. पितळ काळवंडतं, पण लोखंडासारखं गंजत नाही.

पेडण्यातल्या मालपें गावच्या अंजनीबाई मालपेकरांकडे बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व शिकले. आपल्या दोन्ही मुलखांचं सुरांचं नातं असं जुनं आहे. एका तारेपायी घरचा तंबोरा मुका राहू नये.