रॉबिन हूडच्या शिळा

शेरवुडच्या अरण्यांत राहणारा, कायद्यानें बहिष्कृत केलेला धनुर्धर रॉबिन हूड आमच्या बालवाचकांस गोष्टींतून परिचित आहेच. इंग्लंडांत कित्येक शिळांसही त्याचें नांव आहे. त्यांपैकीं दोन स्थळांची हकीकत आम्ही येथें देत आहों.

डर्बीशर परगण्यांत बर्चओव्हर गांवाजवळ खडकांची एक मोठी रास असून तिच्या दोन टोकांस दोन सुळके आहेत. त्यांमध्यें सुमारें १५ मीटर अंतर आहे. रॉबिन हूड एका सुळक्यावरून दुसऱ्यावर एकाच ढांगेंत गेला, अशी आख्यायिका असल्यामुळें या राशीस ‘रॉबिन हूडची ढांग’ म्हणतात. मनुष्यास एवढी ढांग टाकतां येणार नाहीं, हें उघडच आहे. मग हे सुळके झाले कसे? सुमारें ३२ कोटी वर्षांपूर्वीं नद्यांनीं वाहून आणलेली भरड वाळू थरावर थर बसून घट्ट झाली व तिचा हा खडक बनला. पूर्वीं याच जातीच्या दगडाचीं जातीं करीत. पुढें खडकास भेगा पडल्या. थंडी, पाऊस व वारा यांनीं त्या रुंदावल्या. ठिसूळ भाग झिजून गेला आणि कठीण भाग तेवढा उभा राहिला. रॉबिन हूडचा वाङ्मयांतील पहिला उल्लेख तर १३७७ च्या सुमाराचा आहे. आणि असा पुरुष खरोखर होऊन गेला कीं नाहीं, हें इतिहासकारांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

दुसरें स्थळ पीटरबरो शहराजवळ आहे. तेथें मनुष्यांनीं उभ्या केलेल्या दोन शिळा आहेत. रॉबिन हूड व त्याचा सोबती लिटल जॉन यांनीं दुरून सोडलेले बाण येथें पडले, असें लोक मानीत. परंतु सायमन गंटन याच्या १६८६ सालीं छापलेल्या इतिहासांत निराळेंच कारण दिलें आहे. बार्नॅकच्या खाणींतील दगड बरी सेंट एडमंड्सच्या मठाकडे जकात न देतां नेण्याची मुभा होती व तिची साक्ष म्हणून या शिळा होत्या, असें तो सांगतो. तो मठ १५३९ सालीं बंद झाला. मुभेचा विसर पडला. शिळांस नांव राहिलें तें बंडखोराचें.

असें कां व्हावें? आम्हांस वाटतें, मठाच्या जकातीचें गोरगरिबांस कांहीं अगत्य नव्हतें. परंतु जुलमी अधिकाऱ्यास धडा शिकविणारा कोणीतरी असावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती इच्छा त्यांनीं दगडाच्या स्वाधीन केली.

विद्यार्थिमित्रांनो, एखाद्या शिळेस वीराचें नांव दिलेलें आढळलें, तर तें भाबडेपणानें खरें मानूं नका आणि खोटें म्हणून हंसूंही नका. शिळा कशी झाली, हें भूगर्भशास्त्र सांगेल. तिला तें नांव कां मिळालें, हें मात्र तेथल्या माणसांच्या सुखदुःखांतच शोधावें लागेल.