आजींच्या टॅब्लेटवर लग्नाची चित्रफीत

लग्नाच्या चित्रफिती पुष्कळ घरांत पेढीवरच्या संगणकातच पडून असतात. छायाचित्रकाराने दिलेली डीव्हीडी कोणीतरी उत्साहाने त्यात उतरवून ठेवतो. पुढे डीव्हीडीवर ओरखडे पडतात आणि ती चालवणारे यंत्र अडगळीत जाते. मग एके दिवशी आजी विचारतात, नातीच्या लग्नातले आजोबा टॅब्लेटवर पाहता येतील का? आजोबा आता नाहीत. त्यांचे चालणेबोलणे टिपणारी ती एकच प्रत उरली आहे, आणि तीही खरेदी-विक्रीच्या हिशेबांच्या शेजारी. घाई केली तर दोन्ही गमावण्याची वेळ येते.

पहिली चूक 'कट' करण्याची. वहीची नक्कल करताना मूळ वही कोणी दुसऱ्याच्या हाती देत नाही. इथेही 'कॉपी'च करावी. हलवताना मध्येच केबल निसटली तर मूळ आणि नक्कल दोन्ही हातची जाऊ शकतात. अँड्रॉइड टॅब्लेट केबलने जोडल्यावर बहुधा नुसता चार्ज होऊ लागतो. त्याचे कुलूप उघडून, वरून सूचनांचा पडदा ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडावे लागते. तरीही तो संगणकावर दिसला नाही तर केबल बदलून पाहावी. काही केबली केवळ चार्जिंगपुरत्याच असतात. आयपॅडची रीत निराळी: विंडोजवर आयट्यून्स किंवा अ‍ॅपल डिव्हायसेस, मॅकवर फाइंडर यांच्यामार्फत चित्रफीत व्हीएलसीसारख्या अ‍ॅपमध्ये पाठवावी.

पेन ड्राइव्ह वापरणाऱ्यांना वेगळीच अडचण भेटते. जागा रिकामी असूनही फाइल मोठी असल्याची तक्रार येते. फॅट३२ या जुन्या मांडणीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, आणि अलीकडच्या लग्नांच्या सलग फायली सहज त्यापुढे जातात. एक्सफॅट मांडणी केली की प्रश्न सुटतो. मात्र त्यात पेन ड्राइव्हवरचे सारे पुसले जाते, म्हणून तो आधी रिकामा करावा. काम झाल्यावर 'इजेक्ट' केल्याशिवाय तो उपटू नये. पडद्यावरची पट्टी पूर्ण झाली तरी शेवटचा भाग लिहायचा राहिलेला असू शकतो.

खरा धोका याच्या पुढे आहे. डीव्हीडीवरून उतरवलेल्या व्हीओबी फायली पुष्कळ टॅब्लेटांवर आपोआप चालत नाहीत. व्हीएलसी हे मोफत अ‍ॅप त्या चालवते, किंवा हँडब्रेक या मोफत प्रणालीने त्यांची एमपी४ करता येते. पण घरातला उत्साही तरुण 'फ्री कन्व्हर्टर' शोधतो, डाउनलोडचे सर्वांत ठळक बटण दाबतो, आणि त्यातून आलेला पाहुणा हिशेबाच्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागतो. विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट सहसा लपवते, त्यामुळे 'लग्न.एमपी४.ईएक्सई' ही फाइल 'लग्न.एमपी४' अशी निरुपद्रवी दिसते. ते शेपूट दिसेल अशी व्यवस्था फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये करता येते. रूपांतराचे काम पेढीच्या संगणकावर करूच नये. घरच्या लॅपटॉपवर करावे, आणि प्रणाली तिच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. पाहुण्यांच्या पेन ड्राइव्हमधून येणारे फुकटचे नवे सिनेमेही त्या संगणकापासून दूर ठेवावेत. तिथे कॉपीराइटचा भंग होतो तो वेगळाच. ओटीटीवर उतरवलेले सिनेमे त्या त्या अ‍ॅपबाहेर चालत नाहीत, त्यांची नक्कल करण्याची खटपट व्यर्थ.

नक्कल झाल्यावर दोन्हीकडची फाइल बाइटच्या आकड्यापर्यंत जुळवून पाहावी. व्यापारी घरांना रोजमेळ जुळवण्याची ही सवय शिकवावी लागत नाही. मग चित्रफीत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडी थोडी चालवून पाहावी. संगणकातली मूळ फाइल तशीच राहू द्यावी आणि बाह्य हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत घ्यावी. ती डिस्क मात्र पेढीच्या कपाटात न ठेवता लेकीच्या घरी द्यावी.