दम लागतो, पण छाती दुखत नाही



या पानावर मी एरवी लागणीचे अंतर, हुमणी, खोडव्यातील पाचट असेच विषय घेतो. मी डॉक्टर नव्हे, कृषी पदविकेचा माणूस. तरी या अंकात दम लागण्याविषयी लिहितो आहे, कारण चूक माझ्याच घरात झाली.

२०२३ साली आडसाली लागणीच्या दिवसांत माझे थोरले बंधू विहिरीवरून घरी येताना मध्येच बांधावर बसू लागले. वय अठ्ठावन्न, मधुमेह बारा वर्षांचा. वैरणीचा भारा डोक्यावर घेतला की दम लागे, पाच मिनिटे बसले की उतरे. मी विचारले, "दादा, छातीत दुखतंय का?" ते म्हणाले, "न्हाई रं, दुखत काय न्हाई. नुसता दम लागतोय. पित्त झालं असंल." मीही म्हणालो, "वय झालं आता, जरा दमानं घ्या." दुसऱ्याच्या उसाचे पान पिवळे दिसले तर गाडी थांबवून मुळी उपटून बघणारा मी, पण भावाचा दम दोन महिने नुसता बघत राहिलो. दम्याची औषधे झाली. तालुक्याला कार्डिओग्राम काढला, तोही चांगला निघाला. मग एका रात्री आडवे झाले की जीव गुदमरू लागला, उठून बसले की बरे वाटे. तेव्हा कुठे जिल्ह्याला नेले. अँजिओग्राफीत हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या दिसल्या.

आपली जुनी डिझेल इंजिने आठवा. पंप सगळ्या रानाला पाणी देतो, पण इंजिन गार ठेवायला त्याच पाण्याची एक बारीक नळी घेतलेली असते. ती गाळाने भरली तर पाटाला पाणी चालू असतानाही इंजिन तापते. हृदयाचे तसेच आहे. अंगभर रक्त पोचवणारे हृदय स्वतःपुरते रक्त आपल्यावरच्याच बारीक वाहिन्यांतून घेते. त्यांत चरबीचा थर बसला की बसल्या जागी रक्त पुरते, चढावर किंवा ओझ्याखाली पुरत नाही. हृदयाचा स्नायू ताठरतो, फुफ्फुसातून आलेले रक्त पुढे नीट ओढले जात नाही, मागे तुंबते आणि धाप लागते. मूळ दुखणे फुफ्फुसाचे नसतेच.

छातीत कळ न येता नुसता दम, असे मधुमेही, वयस्कर माणसे आणि बायकांत जास्त दिसते. मधुमेहात नसा बोथट होतात, दुखणे कळतच नाही. बायकांचा दम तर आपल्याकडे कुणी विचारातच घेत नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील डॉक्टरांनी हृदयाच्या ताण चाचणीसाठी आलेल्या १७,९९१ लोकांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध केली. आधी हृदयविकार माहीत नसलेल्यांत, ज्यांना दम लागत होता त्यांचा हृदयामुळे अचानक मृत्यू होण्याचा धोका काहीच त्रास नसणाऱ्यांच्या चौपट निघाला. छातीत ठरावीक कळ येणाऱ्यांपेक्षाही तो दुपटीहून जास्त होता. दुखणारा माणूस वेळेवर डॉक्टरकडे जातो, दमणारा बांधावर बसतो, असे मला आपले वाटते.

प्रत्येक दम हृदयाचाच असतो असे नाही. दमा असतो, रक्त कमी असते, विडी आणि चुलीचा धूर तर आहेच. पण मागच्या हंगामात चालवत होता तेवढ्याच अंतराला यंदा दम लागत असेल, तर डॉक्टरांना नेमके तसेच सांगा. झोपून काढलेला कार्डिओग्राम चांगला आला म्हणून सुटलो असे समजू नका. इको आणि ताण चाचणी लागेल का, हे विचारा. दम एकाएकी लागला आणि घाम फुटला, तर माणसाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, १०८ ला फोन लावा.

दादांचे बायपास झाले. हृदयाची गेलेली ताकद मात्र सगळी परत आली नाही. आता दारे पुतण्या धरतो. दादा बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि पाणी कुठे फुटले ते तिथूनच ओरडून सांगतात.

– ऊस विकास अधिकारी