जन्म भिलाईचा, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला नागरिकत्व कायदा आला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण आपले कोण आणि परके कोण, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने कसे बदलत नेले, हे भिलाईत स्पष्ट दिसते.

मूळ कायद्यानुसार, राजनैतिक अधिकाऱ्यांची अपत्ये वगैरे मोजके अपवाद सोडता, भारतात जन्मलेले प्रत्येक मूल भारतीय होते. साठच्या दशकात भिलाईत एखाद्या रशियन अभियंत्याच्या घरी मूल जन्मले असते, तर तेही कायद्याने भारतीय ठरले असते. १ जुलै १९८७ पासून माता-पित्यांपैकी एकजण नागरिक असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, असे ठरले. परिणामी पाकिस्तानातून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या दाम्पत्याचे मूल आज भिलाईच्या सेक्टर ९ मधील रुग्णालयात जन्मले, तरी ते परदेशीच.

अशा कुटुंबाला कायद्याचे संरक्षण अजिबात नाही, असे नव्हे. कायद्यापुढील समानता, जीविताचा हक्क आणि धर्मस्वातंत्र्य राज्यघटनेने प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शेजारी देशांतून आलेल्या अल्पसंख्याक व्हिसाधारकांना बँक खाते, स्वतःपुरते घर, स्वयंरोजगार, वाहन परवाना, पॅन आणि आधार यांची मुभा दिली. मात्र मतदान, देशात कोठेही वास्तव्य करण्याचा मूलभूत हक्क आणि सरकारी नोकरीतील समान संधी या नागरिकांच्याच गोष्टी राहिल्या. ज्या नगरीचे अर्थकारण एका सार्वजनिक उद्योगाभोवती उभे राहिले, तेथे यातील शेवटची उणीव विशेष बोचते.

केंद्राने २८ मे २०२१ च्या अधिसूचनेने ज्या तेरा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार सोपवले, त्यांत छत्तीसगडमधील दुर्ग आणि बलौदाबाजार हे जिल्हे आहेत. भिलाई दुर्गमध्ये येते. त्यापूर्वी, २०१६ मध्ये, रायपूरबरोबरच नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाण्यालाही असेच अधिकार मिळाले होते. अर्ज ऑनलाइन; पडताळणी जिल्हाधिकाऱ्यांची; समाधान झाल्यास प्रमाणपत्रही त्यांचेच. परंतु ही सोय अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन यांच्यापुरती आहे. धर्माच्या या निकषावर आक्षेप घेत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हे केवळ अधिकारांचे विकेंद्रीकरण असून २०१९ च्या दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही, अशी भूमिका केंद्राने तेथे मांडली. इतर परदेशी अर्जदारांच्या अर्जाचा निर्णय दिल्लीतच होतो.

वादापेक्षा अर्जदाराची अडचण वेगळी असते. व्हिसाची मुदत टळली, की तो ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरून सर्वसाधारण नियमाने अपात्र होऊ शकतो. भारतीय वंशाच्या व्यक्तीला नोंदणीसाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते, तर देशीयकरणासाठी साधारणतः बारा वर्षांचे. देशीयकरणासाठी आठव्या अनुसूचीतील एखादी भाषाही यावी लागते. सिंधी, हिंदी, मराठी चालते; भिलाईच्या बाजारात रोज कानी पडणारी छत्तीसगढी चालत नाही, कारण ती अनुसूचीत नाही.

विदर्भातून भिलाईत स्थिरावलेल्या मराठी माणसाला यांपैकी काहीच सिद्ध करावे लागले नाही. १९५६ पर्यंत नागपूर हीच दुर्गची राजधानी होती. पुढे राज्ये बदलली, नागरिकत्व मात्र देशाचे एकच राहिले. आपल्याला जन्मतः लाभलेला हा निर्धास्तपणा शेजाऱ्याला एका प्रमाणपत्रातून मिळायचा असतो. त्याचा अर्ज ज्या टेबलावर आहे, तेथील अधिकाऱ्याने कागदपत्रे काटेकोरपणे तपासणे हे कर्तव्यच आहे. पण अर्ज विनाकारण पडून राहिला, तर त्या घरातील मुलाचे नागरिकत्वही तितकेच लांबते, कारण अल्पवयीन मुलाची नोंदणी पालक नागरिक झाल्यानंतरची पायरी आहे.