सहलीचे पैसे भरण्याआधी

टूर कंपनीच्या माहितीपत्रकात 'थ्री स्टार हॉटेल' छापलेले असते आणि प्रत्यक्षात मुक्काम गावाबाहेरच्या लॉजवर होतो. अशा वेळी बरेच जण चरफडत गप्प बसतात. तसे बसू नये. कबूल केलेली सेवा न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आहे, आणि माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, पावती हे सगळे पुरावे ठरू शकतात. म्हणून तोंडी आश्वासनावर विसंबू नका. हॉटेलचे नाव, जेवण, प्रवेशशुल्क, रद्द केल्यास किती रक्कम कापणार, हे लेखी घ्या. गैरसोय झाली तर तिथल्या तिथे फोटो काढा आणि कंपनीला लगेच लेखी कळवा.

दाद मिळाली नाही तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलावे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी साताऱ्याचा ग्राहक साताऱ्यातच तक्रार करू शकतो, ही 2019 च्या कायद्याने दिलेली मोठी सोय मला सर्वांत मोलाची वाटते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची.